झेंडूवर घेतलेला आळ

गाडीत तांबडा दिवा लागला तर आधी काय करावं, असं लोक मला अजून विचारतात. लग्नाच्या पंगतीत हातात घास असताना विचारतात. मी सांगतो, आधी गाडी थांबवा. मग खाली उतरा. मग ज्याला कळतं त्याला बोलवा, आणि तो येईपर्यंत स्वतःचं डोकं चालवू नका. या शेवटच्या सूचनेचा लोकांना राग येतो. येऊ द्या. सारा जन्म मोटारींखाली पाठ घासून मी जे शिकलो, त्यात हीच गोष्ट सगळ्यात कामाची निघाली. गिऱ्हाईक गाडी घेऊन येतं ते बहुतेक वेळा रोगाचं नावही बरोबर घेऊनच येतं. "मिस्त्री, कार्बोरेटर तेवढा साफ करून द्या." अरे बाबा, गाडीला काय होतंय ते सांग. कार्बोरेटर का आणखी काय, ते मला बघू दे की!

मी मूळचा वाईचा. घरात भिक्षुकी. मला पहिल्यांदा ग्रीसनं माखलेला पाहिला तेव्हा वडील आईला म्हणाले, "याला आधी अंगणात आंघोळ घाल. ओळख पटली तर घरात घे." ओळख पटली, पण पूजेला बसायचं ते बसायचंच राहिलं. दुसरी लढाई चालू होती तेव्हा मी सांगलीला मिरज रस्त्यावर एका पत्र्याच्या शेडमध्ये माझं गॅरेज थाटलं. पेट्रोल कुपनावर, सुटे भाग बाजारातून गायब, आणि उतारूंच्या सर्व्हिस मोटारी पाठीमागे कोळशाची भट्टी बांधून धूर सोडत चाललेल्या. गाड्या थोड्या, पण मोडायच्या फार, त्यामुळे आमचं बरं चाललं होतं.

हल्ली गाडीत दिव्यांची नुसती दिवाळी असते. आमच्या वेळी बहुतेक गाड्यांना काटे असत. एखाद्याच गाडीत काट्याऐवजी तांबडा दिवा असायचा. तेलाचा दिवा म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. इंजिनात लोखंडावर लोखंड फिरतं. दोहोंच्या मध्ये तेलाचा पातळ थर असतो म्हणून ते फिरू शकतं. तेल संपलं, नळी चिरली, पंप दमला, की तेलाचा जोर कमी होतो आणि समोर दिवा लागतो. त्यानंतर इंजिन फार वेळ तग धरत नाही. पण दिवा नुसती हाक मारतो, रोगाचं नाव सांगत नाही. नाव शोधायचं काम आमचं. आम्ही तेल बघायची काठी ओढून बघायचो, तेल बोटांत चोळून त्याचा वास घ्यायचो, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आतलं ऐकायचो. आणि या सगळ्याआधी ड्रायव्हरला विचारायचो, नेमकं काय झालं ते सांग. निम्मं निदान तिथंच व्हायचं.

अर्थात सांगणारा धड असला तर. तासगावचे एक कंत्राटदार होते. त्यांच्या गाडीत दिवा लागला. लढाईच्या दिवसांत इंजिनाचं तेल मिळायचं नाही, तर या गृहस्थांनी घरातून घाण्याचं शेंगतेल आणून ओतलं. बॉनेट उघडलं तर आत चकल्या तळल्यासारखा वास!

मी म्हटलं, "मालक, तेल तर चांगलं तापलंय. आता मोहरी टाका."

"चेष्टा करू नगा मिस्त्री," ते म्हणाले. "दिवा तेल मागत हुता, म्हून घातलं. घरात खातोय त्येच हाय, ताजं."

आतून ते इंजिन खरवडून काढता काढता माझी बोटं सोलवटली. कराडच्या एका वकिलांनी तर दिव्याचा बल्बच काढून खिशात ठेवला होता. त्यानं मन विचलित होतं म्हणे. बल्ब काढल्यापासून गाडीला काही झालेलं नाही, असं ते मला मोठ्या अभिमानानं सांगत होते. गाडी त्या वेळी बैलगाडीला मागं बांधलेली होती.

हे असले किस्से सांगून लोकांना हसवायला मला आवडतं. पण तांबडा दिवा म्हटलं की शेवटी माझ्यासमोर तात्या येऊन उभे राहतात, आणि मग माझं मलाच हसू येईनासं होतं.

तात्या निकम. गाव कोरेगावच्या बाजूचं. पहिल्या लढाईत इराकात बसऱ्याकडे पलटणीच्या लॉऱ्या हाकलेला माणूस. अंगात खाकी कोट, मिशा पांढऱ्या झालेल्या, पण इस्त्री केल्यासारख्या सरळ. सांगलीत हळदीचे एक मोठे अडते होते, त्यांना सगळे आप्पा म्हणत. त्यांच्या गाडीवर तात्या ड्रायव्हर होते. मला मोटार हाकायला शिकवली ती तात्यांनी. मी मोटार दुरुस्त करायला शिकलो होतो, पण चालवताना माझे हात ताठ व्हायचे. तात्या शेजारी बसून ओरडायचे, "आरं वाईकर, स्टेरिंग म्हंजी काय म्हशीचं शिंग हाय व्हय? सैल धर गड्या, सैल! ती काय पळून जात न्हाई." माझं आडनाव त्यांनी कधी विचारलंच नाही. वाईचा म्हणून वाईकर, संपलं.

आप्पांची गाडी अमेरिकन, लांबलचक, आणि तिला तेलाचा काटा नव्हता, दिवा होता. स्टेरिंगच्या खालच्या अंगाला, बोराएवढा. तात्यांचं त्या गाडीवर पोटच्या पोरीसारखं प्रेम. खंडेनवमीला आमच्या गॅरेजात सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, आणि मग दसरा उजाडेपर्यंत कुणी पान्याला हात लावायचा नाही, असा रिवाज. त्या दिवशी तात्या गाडी धुऊन गॅरेजात आणायचे आणि स्वतःच्या हातानं केलेलं तोरण आत बांधायचे. झेंडू, भाताच्या लोंब्या, आपट्याची पानं. डॅशबोर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये चांगला लोंबता झोल. बाकीचे ड्रायव्हर बाहेर बॉनेटवर हार टाकून मोकळे व्हायचे. तात्या म्हणायचे, "भाईरनं हार घालायला ती काय पुढारी हाय? घरच्या लक्ष्मीला आत तोरण बांधायचं आस्तंय."

लढाई संपायच्या बेतात होती त्या वर्षीची गोष्ट. दसरा झाला आणि आप्पा साताऱ्याला व्याह्यांकडे सोनं द्यायला गेले. परत येताना आष्ट्याच्या अलीकडे इंजिनातून टकटक यायला लागली, मग एकदा खण्ण झालं आणि गाडी जागच्या जागी थांबली. दोन बैलजोड्या जुंपून गाडी सांगलीला आणली. मी खालून बघितलं. तेलाची नळी चिरली होती, सगळं तेल रस्त्याला लागलं होतं आणि बेअरिंगं वितळली होती.

आप्पांनी आत डोकं घालून पाहिलं. तोरण दिव्यावर लोंबत होतं. ते म्हणाले, "हेच ते. दिवा लागला आसंल, पण फुलाच्या आड. दिसणार कुठनं?"

तात्यांनी तोरणाकडे बघितलं आणि कानाला हात लावले. "मालक, चूक झाली. माज्याच हातानं झाकला मी."

झालं. निकाल लागला. आप्पा भला माणूस, त्यांनी वर एक शब्द काढला नाही. मला कुणी निदान विचारलंच नव्हतं, दुरुस्ती सांगितली होती. बेअरिंगं बाजारात मिळत नव्हती, मी पांढरा धातू वितळवून ओतला, खरवडून खरवडून बसवला आणि गाडी चालू करून दिली. काम इतकं झकास झालं होतं की मी महिनाभर छाती पुढं काढून हिंडत होतो. आता वाटतं, कसली छाती आणि कसलं काय.

पुढच्या खंडेनवमीला तात्यांनी गाडी आणली, पण तोरण नव्हतं. चाकांना नुसतं कुंकू लावलं आणि बाजूला उभे राहिले. मी म्हटलं, "तात्या, तोरण कुठंय?"

"नको बाबा," ते म्हणाले. "द्येवाचं द्येवाला, गाडीचं गाडीला. फुलानं एकदा घात केला, पुन्यांदा न्हाई."

त्या दिवशी ते फार वेळ थांबले नाहीत. गाडी मला जराशी बोडकी वाटली, एवढं आठवतं.

आणि मग हळदीच्या हंगामाच्या तोंडाशी गाडी पुन्हा बैलांमागून आली. या खेपेला कवठेमहांकाळच्या रस्त्यावर. रस्त्याकडेला खडीचा ढीग होता, त्यावर एका बाजूचं चाक चढलं, एका धोंड्यानं इंजिनाखालची तेलाची टाकी फाडली आणि तात्या तशीच गाडी पुढे हाकत राहिले. पुन्हा तीच टकटक, पुन्हा तेच खण्ण.

आप्पा गॅरेजात आले ते उभेच राहिले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण चेहरा उतरला होता.

"तात्या, आज तर फुलं नव्हती."

"न्हवती, मालक."

"मग?"

"दिवा लागलाच न्हाई, मालक. शपथ. लागला आस्ता तर मी जाग्याव थांबलो नस्तो व्हय?"

आप्पा माझ्याकडे वळले. "मिस्त्री, गावात लोक काय बोलाय लागलेत ते मी तुमाला सांगत न्हाई. कोण म्हणतंय डुलकी लागती, कोण म्हणतंय आणखी कायतरी. माझी नात रोज या गाडीतनं शाळेला जाती. मला एकच सांगा, दिवा खोटा का माणूस खोटा? दिवा खोटा आसंल तर तात्याची मी माफी मागतो. माणूस खोटा आसंल तर..." तात्या ताठ उभे होते. पलटणीतला माणूस, जन्मात कुणी खोटारडा म्हटलेलं नव्हतं.

मी म्हटलं, "इंजिन पुन्हा जोडून उभं होऊ द्या, आप्पा. चालत्या गाडीवर तपासल्याशिवाय मी बोलणार नाही."

इंजिन उभं व्हायला बरेच दिवस गेले. तेवढे दिवस तात्या रोज येऊन खोक्यावर बसायचे. बोलायचे कमी. त्यांच्या पायाशी रॉकेलचं डबडं ठेवलं की हटकून लवंडायचं. मी म्हणायचो, "तात्या, वय झालं," आणि ते म्हणायचे, "तुजं डबडंच मधी तडमडतंय." एका तिन्हीसांजेला मी बत्ती पेटवली तर म्हणाले, "वाईकर, तुज्या बत्तीला भवतीनं कडं पडलंय बघ. इंद्रधनुष्यावाणी. लय झ्याक दिसतंय."

मी म्हटलं, "काच खराब झालीय, उद्या नवी आणतो."

आणलीसुद्धा. देवा, मी काच बदलली हो!

इंजिन तयार झाल्यावर मी आधी दिवा तपासला. इंजिन बंद ठेवून चावी फिरवली की तेलाचा दिवा लागला पाहिजे, कारण तेव्हा तेलाला जोर नसतो. लागला. इंजिन चालू केलं की विझला पाहिजे. विझला. दिव्याचं तेलाशी जिथं नातं असतं तो भाग काढून, फुंकून, पुन्हा बसवून पाहिला. तार वितीवितीनं चाचपली. कुठंही खोट नाही. मी मुद्दाम खोट शोधत होतो हे कबूल करतो. एखादी सैल तार सापडावी म्हणून मी मनात गणपतीला नारळ बोललो होतो. पण दिवा अगदी खणखणीत होता.

मग मी गाडीचं अंग बघत फिरलो. दुरुस्तीच्या वेळी आपण इंजिनाकडे बघतो, मडगार्डाकडे कोण बघतो? डाव्या मडगार्डाला पोचे. उजव्याला पोचे. दाराच्या कडांना ओरखडे. आणि नाकासमोर, जाळीवर, बंपरवर एक चरा नाही. डुलकी लागणारा माणूस समोर आपटतो. हा माणूस समोरचं सगळं चुकवत होता आणि कडेचं सगळं खात होता.

दुसऱ्या दिवशी मी तात्यांना म्हटलं, "चला, हरिपूरकडे एक फेरी मारू. तुम्ही चालवा." दिव्याच्या तारेला मी आणखी एक तार जोडून ती माझ्या हाताशी घेतली होती. तिचं टोक गाडीच्या पत्र्याला टेकवलं की तेल असो नसो, दिवा लागणार. तात्यांना हे सांगितलं नव्हतं.

हरिपूरचा रस्ता म्हणजे दोन्ही अंगांना चिंचा, एका बाजूला कृष्णा, आणि पुढे हळद साठवायची जमिनीखालची पेवं. तात्या झकास चालवत होते. लांबवर सायकलवाला दिसला तर मला म्हणाले, "त्यो बघ, आपला पोस्टमन." मला तो माणूस आहे हेसुद्धा धड ओळखता आलं नव्हतं! नजर अशी तीक्ष्ण. मी तार टेकवली. दिवा लागला. लालभडक. तात्या बसऱ्याची गोष्ट सांगत होते. चिंचा मागे जात होत्या, दिवा जळत होता, आणि तात्या हसत हसत सांगत होते की उंटाला मोटारीचा भोंगा कसा आवडत नाही. मी तार तशीच पत्र्याला टेकवून धरली होती.

शेवटी मी म्हटलं, "तात्या, जरा थांबवा. खाली बघा."

त्यांनी गाडी बाजूला घेतली, मान खाली घातली, जरा इकडे तिकडे हलवली आणि मग त्यांना दिवा सापडला.

"आरं! लागलाय की! कवा लागला?"

"पहिल्या चिंचांपाशी."

ते दिव्याकडे बघत राहिले. मग मान वर केली, समोर बघितलं. पुन्हा खाली बघितलं. असं त्यांनी बऱ्याचदा केलं. माणूस स्वतःचा खिसा तपासतो तसं.

"म्होरं बघितलं की जातोय," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, त्यो लागतच न्हाई."

माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "मालकास्नी काय सांगणार तू?"

"तुम्ही म्हणाल ते सांगतो, तात्या." आणि मी खरंच सांगितलं असतं.

एकदम त्यांचा चेहरा उजळला. "आरं, दिवा वर बसीव की! काचंपाशी, माज्या नाकाम्होरं! तार वाढवाया किती येळ लागतुया? मग तर दिसंल! तू मिस्त्री हायस का सोंग?"

मलाही हुरूप आला. खरंच, अर्ध्या तासाचं काम! दिवा उचलून वर न्यायचा, तात्यांना दिसला म्हणजे झालं. आप्पांना सांगायचं, दिवा चुकीच्या जागी होता. यात खोटं काय? आम्ही दोघं पोरांसारखे खूश झालो. तात्यांनी गाडी वळवली.

पेवांच्या बाजूनं हळदीची पोती भरलेली एक बैलगाडी रस्त्यावर चढत होती. अगदी डाव्या हाताला, मला तिच्या बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता. तात्या समोर बघत नीट चालले होते. मला वाटलं आता थांबतील, आता थांबतील. मी ओरडलो, "तात्या, गाडी!" आणि हँडब्रेक खेचला. बैल बुजले. गाडीवान आमच्या बेचाळीस पिढ्यांचा उद्धार करत उभा राहिला. बैलाचं शिंग आमच्या मडगार्डापासून वितीवर होतं.

तात्यांनी मान पूर्ण डावीकडे फिरवली तेव्हा त्यांना बैल दिसले.

त्यांनी इंजिन बंद केलं. खाली उतरले, गाडीला हात लावत लावत पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि दार उघडलं.

"सरक तिकडं. तू चालीव."

मी स्टेरिंगवर गेलो. मला शिकवतानाचे दिवस सोडले तर तात्यांना त्या बाजूच्या गादीवर बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. वाटेत माझे हात पुन्हा ताठ झाले होते. तात्या म्हणाले, "सैल धर," आणि मला रडू आलं.

आप्पा गॅरेजात वाट बघत होते. मी तोंड उघडायच्या आत तात्या पुढे झाले, पाय जुळवून उभे राहिले.

"मालक, दिवा खरा हाय. मी बी खोटा न्हाई. मला दिसत न्हाई." आणि लगेच पुढं म्हणाले, "नातीला उद्यापास्नं दुसऱ्या कुनाच्या हाती द्या."

आप्पा खोक्यावर खाली बसले. तिथूनच म्हणाले, "म्हणजे त्या वेळी फुलं..."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आणि तात्यांना टांग्यानं मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टर शांत माणूस. त्यांनीही आधी विचारलं, काय होतंय ते सांगा. मग तात्यांना समोर बघायला लावून बाजूनं बोट आत आणलं. "दिसलं की सांगा." बोट येत राहिलं, येत राहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, आता म्हणतील. बोट जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा तात्या म्हणाले, "हां." दोन्ही डोळ्यांचं तेच. मग डॉक्टरांनी विचारलं, "दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात का?" तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

काचबिंदू. गाडीत तेलाचा जोर कमी झाला की बिघडतं, डोळ्यात आतल्या पाण्याचा दाब वाढला की बिघडतं, एवढं मला कळलं. नजर कडेनं झिजत येते, दुखतखुपत काही नाही, आणि समोरचं लख्ख दिसतं म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली परत येत नाही. राहिलेली टिकवायची, तीही टिकेलच असं नाही. डॉक्टर थेंब लिहून देत म्हणाले, "वर्षभर आधी आला असता तर बरीच वाचवता आली असती."

वर्षभर आधी म्हणजे तोरणाच्या वेळी. तेव्हा डॅशबोर्डवर झेंडू नसता तर आप्पांनी तेव्हाच विचारलं असतं, दिवा खोटा का माणूस खोटा. तेव्हाच मी तार हातात घेऊन बसलो असतो. पण कारण इतकं सरळ समोर लोंबत होतं की त्याच्यामागे कुणी बघितलं नाही. आप्पांनी नाही, मी नाही, तात्यांनी तर नाहीच. बिचाऱ्या फुलांना कुठं तोंड होतं बोलायला!

आप्पांनी तात्यांना वखारीवर बसायचं काम देऊ केलं. तात्या म्हणाले, "बसून खायाची सवं न्हाई, मालक," आणि गावी गेले. मी दोनदा कोरेगावच्या सर्व्हिस मोटारीत पाय ठेवून परत उतरलो. कसलं तोंड घेऊन जाणार होतो? गॅरेजात काम तर रोजच असायचं, त्याची सबब मला पुरली. आज वाटतं, सरळ जाऊन त्यांच्या ओसरीवर बसायला हवं होतं. आमच्या धंद्यात निदान करून मोकळं होता येतं. ज्याचं निदान केलं त्याच्या घरी नंतर जायची सवय कुणी लावत नाही.

पुढची खंडेनवमी आली. हत्यारं पाटावर मांडलेली, गॅरेजात गाड्या धुऊन उभ्या, त्यात आप्पांचीही. नवा ड्रायव्हर हार आणायला बाजारात गेला होता. दारात खाकी कोट दिसला. तात्या. हातात काठी आणि काखेत ओल्या फडक्याची वळकटी. मी धावलो, त्यांनी हात झटकला. "याक सोबती आणून सोडून गेलाय नाक्यावर. तू न्हाई आलास, मग मीच आलो."

मी बसायला खोकं पुढं सरकवलं.

"कुटं हाय ती?"

मी त्यांना आप्पांच्या गाडीपाशी नेलं. त्यांनी दाराच्या कडेवरून हात फिरवला, आत बसले आणि फडकं सोडलं. झेंडू, लोंब्या, आपट्याची पानं. बोटांनी चाचपत त्यांनी तोरण या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधलं. कसं बांधायचं ते त्यांच्या बोटांना पाठ होतं. फक्त या वेळी झोल ठेवला नाही. ताणून, वर, काचेलगत बांधलं.

"फुलावर आळ घेतला गड्या आपण," ते म्हणाले. "वरीसभर. त्येंचा काय गुन्हा हुता?"

मी म्हटलं, "नव्हता, तात्या."

"चावी हाय का?"

चावी गाडीतच होती. त्या दिवशी पान्याला हात लावायचा नसतो, पण चावी फिरवायला हरकत नसते. मी फिरवली. इंजिन बंदच होतं, म्हणून दिवा लागला. तात्या वाकले. मान एकदा इकडे, एकदा तिकडे, नळीतून बघावं तसे ते शोधत राहिले. मी बोट दाखवायला हात उचलला होता, तो तसाच मागे घेतला. मग त्यांना तो सापडला. अगदी जवळ चेहरा नेऊन ते त्याच्याकडे बघत राहिले. त्यांच्या मिशांवर तांबडा उजेड पडला होता.

"केवडुसा हाय रं ह्यो," ते म्हणाले.

चावी अशी उघडी ठेवली तर बॅटरी उतरते. मी जन्मात कुणाला तसं करू दिलेलं नाही, अजूनही ओरडतो. त्या दिवशी मात्र तात्यांचं बघून होईपर्यंत मी चावी बंद केली नाही.